पाळी नावाची फाइल

आमच्या घरी लग्नकार्य असलं, चार पाहुणे बसले, चहा फिरला, की कुणीतरी ही गोष्ट काढतंच. "वंदीनं शिवला आन् कॉम्प्युटर बंद पडला." मग सगळे हसतात. दादाही हसतो, आणि त्याला तर हसायचा काडीचा अधिकार नाही. इतकी वर्षं मी ऐकून घेतलं, वर पाहुण्यांना दुसरा चहाही दिला. आता पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ते वाक्य कानावर पडलं की अजून डोक्यात तिडीक जाते. साफ खोटं आहे ते. मी शिवले तेव्हा मशीन चाललं होतं. बंद कुणी पाडलं ते आज सांगते, आणि सगळं सांगते, कारण एकच टोक धरून हसणाऱ्यांचा मला आता कंटाळा आला आहे.

आमचं घर मंगरूळपीरच्या कडेला, जिथं वस्ती संपून मळे लागतात तिथं. वांगी, मेथी, मिरची, भेद्रं म्हणजे टमाटे, आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे तोडायचं, ओल्या पोत्याखाली ठेवायचं आणि उन्हं चढायच्या आत बाजारात पोचवायचं. घरभर हिरवा वास असे आणि त्यावर सकाळच्या ठेच्याचा खाट, नाकाला झोंबणारा. बाहेर विहिरीवरच्या मोटारीची घरघर चालू असली की बाबा शांतपणे जेवत. ती थांबली की घास हातातच राही. घरात आम्ही पाचजण: बाबा, माय, दादा, मी आणि बाबांची थोरली बहीण, अन्नपूर्णा आत्या. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना आत्यानंच वाढवलं होतं. त्यामुळं घरातला शेवटचा शब्द तिचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही तिचाच. स्वयंपाक तिच्यासारखा कुणाला जमला नाही, हेही खरं. तिच्या हातचं भरीत मला आजही आठवतं. राग आहे म्हणून भरीत वाईट होतं असं मी म्हणणार नाही.

कॉम्प्युटर आला तो दादासाठी. कारंज्याला एका पेढीवर नवीन मशीनं आली, जुनी विकायला काढली, त्यातलं एक बाबांनी उचललं. 'पोरगं शिकन, सायब होईन,' असं त्यांच्या डोक्यात भरलं होतं. टेम्पोत वांग्याच्या रिकाम्या क्रेटांच्या मधोमध, आत्याच्या वाकळीत गुंडाळून, ते आमच्या दारात उतरलं. आत्यानं त्याला ओवाळलं, काचेवर कुंकवाचं बोट लावलं, नारळ फोडला. ठेवायचं कुठं? बाकी घरावर टिनं, खाली माती, धूळच धूळ. पक्क्या छताची, फरशीची खोली एकच, ती देवाची. मग तिथंच देव्हाऱ्यासमोर टेबल आलं. चपला बाहेर, हातपाय धुऊन आत, असा नियम निघाला. आत्यानं आपल्या जुन्या पातळाची त्याला खोळ शिवली, काठासकट. देवाला पडदा नव्हता, कॉम्प्युटरला होता.

आजच्या पोरांना ते मशीन दाखवलं तर ती विचारतील, चित्रं कुठं आहेत? चित्रं नव्हती. उंदीर नव्हता. काळा पडदा, त्यावर सी, दोन टिंबं, एक उलटी तिरपी रेघ, एक बाण, आणि पुढं लुकलुकणारी बारीक रेघ. बस्स. आपण काही लिहिलं आणि एन्टर मारलं तर ते करणार. नाही लिहिलं तर दिवसभर तसंच लुकलुकत राहणार. दादाला गावातल्या क्लासात घातलं होतं. तिथून त्याला आज्ञांचा एक छापील तक्ता मिळाला, तो त्यानं देवांच्या तसबिरींखाली भिंतीवर चिकटवला. वरपासून खालपर्यंत इंग्रजी अक्षरांत नुसती नावं. कोणती आज्ञा काय करते, ते क्लासात सांगायचे. पहिल्या दिवशी दादानं ऐटीत काहीतरी बडवलं आणि पडद्यावर उमटलं, 'बॅड कमांड ऑर फाइल नेम.' आत्या मागं हात जोडूनच उभी होती.

"काय म्हणते रे थे?"

"वाईट म्हणते."

"कोनाले? मले?"

"नाई न आत्या, मले."

"मंग बरोबर आहे," आत्या म्हणाली आणि आत निघून गेली.

महिनाभरात दादाचा जीव त्यातून उडाला. त्याला मोटारी उघडायच्या असत, पंप दुरुस्त करायचे असत, आणि त्यात तो हुशार होता. क्लासला दांड्या सुरू झाल्या. तेव्हा माय, जी कधी मोठ्यानं बोलायची नाही, एका संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "जागा आपली आहेच तठी. वाया कायले घालवता? वंदी जाईन." बाबा आत्याकडं बघू लागले. आत्या म्हणाली, "जाऊ दे, स्थळात सांगाले बरं पडन." अशी मी क्लासला गेले. स्थळात सांगायला बरं म्हणून!

पण मला ते काळं भांडं आवडलं, अगदी मनापासून आवडलं. कारण ते स्पष्ट बोलायचं. घरात कुणाला काही विचारलं तर उत्तराऐवजी तोंड फिरवत, नाहीतर 'पाहू' म्हणत. हे मशीन तसं नव्हतं. बरोबर लिहिलं तर करायचं, चुकलं तर चुकलं म्हणायचं, आणि मुलगी आहेस म्हणून वेगळं काही म्हणायचं नाही. डी आय आर लिहिलं की आत काय काय आहे त्याची यादी सरसर वर जायची, आणि मी ती थांबवायला शिकले तेव्हा मला केवढा पराक्रम वाटला. एम डी लिहून मी त्यात मळा नावाचा कप्पा केला, एम ए एल ए. त्यात घरच्यांच्या नावानं फाइली केल्या. नावाला आठ अक्षरांच्या वर जागा नसायची, म्हणून आत्याच्या नावातला शेवटचा 'आ' कापला गेला. ते तिला समजलं तर ती दिवसभर फुगून बसली. "माह्यंच शेपूट काहून कापलं?" म्हणे.

क्लासचे सर रोज एक-दोन आज्ञा शिकवत. माझं तेवढ्यानं भागेना. 'हेल्प' लिहिलं की मशीनच्या आत सगळ्या आज्ञांची माहिती निघते हे मला सापडलं, आणि दुपारी शाळेचा शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती वाचत बसे. त्यात एकदा 'अनडिलीट' दिसली. पुसलेलं परत बोलावायची आज्ञा! पुसलेलं परत कसं येईल? आमच्या कुत्र्याच्या, मोतीच्या नावाची एक फाइल केली, पुसली आणि परत बोलावली. तर पडद्यावर आलं, प्रश्नचिन्ह, ओ, टी, आय. पहिलं अक्षर सांगा, असं मशीन विचारत होतं. मग उलगडा झाला: ते खरंतर काहीच पुसत नाही. नावाचं पहिलं अक्षर तेवढं खोडतं आणि जागा रिकामी झाली असं सांगत सुटतं. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आतलं सगळं असतं तसं असतं. मी एम दाबलं आणि मोती परत आला. मी बाहेर जाऊन खऱ्या मोतीला अर्धी भाकरी घातली.

आता नियमाचं सांगते. मशीन देवाच्या खोलीत, म्हणजे महिन्याचे ते दिवस आले की मला ते बंद. कावळा शिवला की बाई मागच्या ओसरीवर. देवाच्या खोलीचं एक दार ओसरीकडं उघडायचं, पण उंबरा ओलांडायचा नाही. स्वयंपाकघरात जायचं नाही, लोणच्याकडं बघायचंसुद्धा नाही. आत्या स्वतः त्यातून केव्हाच सुटली होती, त्यामुळं पहारा तिचा. बहुतेक वेळा माय आणि मी एकदमच बाहेर असू. पण ऐका, मळ्यात निंदायला विटाळ नव्हता! खुरपं चालायचं, पाट्या डोक्यावर वाहिलेल्या चालायच्या. आम्ही दोघींनी त्या दिवसांत निवडलेली मेथी गावभर विकली जायची, कुणाच्या ना कुणाच्या नैवेद्यालाही लागत असेल. तेव्हा देवाला काही होत नव्हतं. मी खुर्चीवर बसले की मात्र होणार. मी हे एकदा आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "लय तोंड वाढलं तुह्यं." हे काय उत्तर झालं? बाबांना विचारलं तर ते मोटार बघायला गेले. मोटार चालू होती.

क्लासची परीक्षा कारंज्याला ठरली. ज्यानं-त्यानं स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम फ्लॉपीत घेऊन जायचा आणि तिथल्या मशीनवर चालवून दाखवायचा. बाबांनी मला शब्द दिला होता: पास झालीस तर बारावीनंतर अकोल्याला कॉम्प्युटरच्या डिप्लोम्याला पाठवीन. नापास झालीस तर शिक्षण तेवढ्यावर, आणि आसेगावचे पाहुणे मला बघायला यायला टपलेच होते. मी प्रोग्राम लिहिला तो मळ्यातल्या पाण्याचा. लाईट असेल तेवढ्या वेळात विहिरीचं पाणी आधी वांग्याला की मिरचीला की मेथीला, हा बाबांचा रोजचा घोर. कोणत्या वाफ्याला शेवटचं पाणी कधी दिलं ते मशीनला सांगायचं आणि आज कुणाची पाळी ते मशीननं सांगायचं. पाण्याची पाळी, म्हणून फाइलीचं नाव ठेवलं पी ए एल आय. दुसरा अर्थ माझ्या डोक्यातही नव्हता. दादा नाव वाचून फिस्सकन हसला तेव्हा कळलं, पण मी बदललं नाही. पाण्याला पाळी म्हणायची लाज वाटत नाही ना कुणाला?

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी बाहेर बसले. फ्लॉपी क्लासातून मिळाली ती परीक्षेच्याच सकाळी, दादा जाऊन घेऊन आला. दुपारच्या एसटीनं कारंजं गाठायचं होतं आणि त्याआधी अकराला लाईट जाणार होती. मी आत्याला विनवलं, "आत्या, पाचच मिनिटं. हात धुतो, पाय धुतो, आंघोळ करतो म्हन तर." ती चुलीपुढून हललीही नाही. "देवापुढं? माह्या जिवंतपनी नाई." म्हणजे एसटीत मी कुणाच्याही शेजारी बसायची, कारंज्याच्या मशीनला हात लावायचा, सगळं चालेल. बाहेरच्या जगात जायला मला मुभा होती. माझ्या घरात यायला नव्हती!

मग ठरलं, दादा आत बसेल आणि मी उंबऱ्याच्या अलीकडून सांगेन. एक मात्र बरं होतं, आताच्यासारखं मशीन असतं, चित्रावर बाण नेऊन टिचकी मारायची, तर मी बाहेरून काय सांगणार होते? या मशीनला सगळं अक्षरांनी सांगायचं, आणि अक्षरं ओरडता येतात. माय ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी दाराशी उभी राहिले. पडद्याची पाठ माझ्याकडं.

"दादा, पहिले सी डी. मंग जागा सोड. मंग एम ए एल ए. एन्टर मार."

"जागा किती सोडू?"

"थे लांब बटन आहे न खाली, थे एकडाव दाब."

टक. टक. "आलो बाप्पा मळ्यात. पानी देऊ का?" दादाला विनोद सुचत होते.

"आता सी ओ पी वाय. जागा. स्टार, टिंब, स्टार. जागा. ए आन् दोन टिंबं."

टक टक टक. "बॅड कमांड म्हणते."

"जागा सोडली का?"

"सोडली न!"

सोडली नव्हती. पुन्हा सांगितलं, पुन्हा बॅड कमांड. तिसऱ्यांदा त्यानं वैतागून कळफलकावर हात आपटला. आतून आत्या विचारत होती, झालं का नाही. अकरा वाजत आले होते, माझ्या पोटात दुखत होतं, आणि चार पावलांवर माझी खुर्ची होती. मी ओरडले, "फ्लॉपीले देल्लं का? देल्लं का नाई अजून?"

इथं थांबून एक सांगायला हवं. पुण्याकडची माणसं 'दिलं' म्हणतात. आम्ही 'देल्लं' म्हणतो. पैसे देल्ले, पानी देल्लं, पोरगी देल्ली. आणि भिंतीवरच्या त्या तक्त्यावर, कॉपीच्या खाली, एक आज्ञा होती: डी ई एल.

आत खुर्ची तक्त्याकडं सरकली. मग दादाचा आवाज आला, एकदम खूश होऊन. "अस्सं! देल म्हन न मंग. कवाची कॉपी-कॉपी करून राह्यली." मला वाटलं, वैतागला आहे, बडबडतो आहे. टक टक टक ऐकू आलं.

"आता विचारून राह्यलं. आर यू शुअर, वाय का एन?"

फ्लॉपी क्लासची, जुनी. तीत आधीचं काहीतरी असेल, त्यावर लिहू का असं विचारत असेल, हे माझ्या मनात आलं. दुसरं येणार तरी काय? मला पडदा दिसत नव्हता! "वाय दाब," मी म्हटलं. "एन्टर मार."

"देल्लं!" दादा म्हणाला.

"आता डी आय आर, जागा, ए, दोन टिंबं. पी ए एल आय दिसते का?"

"फाइल नॉट फाउंड म्हणते."

"नुसतं डी आय आर करून पाह्य."

"थेच म्हणते. मळा रिकामा आहे वं."

"दादा, त्वा काय लिवलं?"

"तू म्हनली थेच. डी ई एल. देल. पुढं स्टार, टिंब, स्टार. तक्त्यावर आहेच न."

अकोला गेलं, एवढंच मला समजलं. आत्या पदराला हात पुसत आली. दादा तिला म्हणाला, "गेलं, आत्या. सगळं गेलं." आणि आत्यानं माझ्याकडं बोट केलं. "जाईनच! कवाचं म्हनून राह्यली म्या. उंबऱ्याशी उभी राहून बोलते, पोट्टीची सावली पडली मशीनवर."

"सावली कोठून पडन, आत्या? उजेड तं समोरच्या खिडकीतून येते! माह्या मागं पाह्य, सावली मेथीवर पडली." तेवढं भान मला कसं राहिलं, माहीत नाही. पण रागात माणसाला दिशा बरोबर कळतात. "सावलीनं नाई गेलं. देलनं गेलं! तुह्या नेमानं गेलं!"

आणि तेवढ्यात दादा, माझा भोळा, गुणी दादा, मला धीर द्यायला म्हणाला, "रडू नोको वं. मी करतो न दुरुस्त. देलच्या खाली फॉरमॅट लिवलं आहे. थे करून पाहू का?"

ज्याला यातलं कळत नाही त्याच्यासाठी सांगते: मळ्यातली वांगी चुकून उपटली म्हणून अख्ख्या मळ्यावर रोलर फिरवायचा, तसं ते. पुसलेलं परत आणायची जी काय आशा होती, ती त्या एका शब्दानं संपली असती. मी "हात काढ!" म्हणून किंचाळले आणि उंबरा ओलांडला. ओलांडायचं ठरवलं वगैरे काही नाही. मी दादाला खुर्चीवरून ढकललं आणि बसले. मागं आत्याच्या हातातला तांब्या फरशीवर पडला, पाणी माझ्या टाचांपर्यंत आलं. "बाटवलं! देव बाटवले! बाहेर हो पहिले!" ती माझा दंड धरायला आली आणि थबकली, कारण मला धरलं तर तीही शिवली जाणार. हे तिच्याच नियमानं मला दिलेलं एवढंच संरक्षण. तिनं दादाला सांगितलं, "ओढ तिले." दादा बिचारा दोघींकडं बघत उभा.

तेव्हा माय उठली. तीही त्या दिवसांत बाहेरच होती. मांडीवरची मेथी तिनं सुपात ठेवली, लुगडं झटकलं आणि उंबरा ओलांडून सरळ आत आली, माझ्या नि आत्याच्या मधे उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिनं असं कधी केलं नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर तिचा हात आला, मेथीचा वास आला.

"लिव तू," ती म्हणाली. "मी उभी आहो."

मी लिहिलं, यू एन डी ई एल ई टी ई. घाईत एकदा चुकलं, बॅड कमांड आली, पुन्हा लिहिलं. मशीन एकेक पुसलेलं नाव विचारत गेलं, मी नको-नको म्हणत गेले. मोती नको, आत्याचं कापलेलं नावही नको. मग आलं: प्रश्नचिन्ह, ए, एल, आय. परत आणू का? हो. पहिलं अक्षर सांगा. मी पी दाबलं. फाइल परत आली. लगेच कॉपी केली, जागा सोडून, जिथं सोडायची तिथं. फ्लॉपीचा दिवा लागला, आतून कर्र-कर्र आवाज आला, दिवा विझला. मी फ्लॉपी ओढून बाहेर काढली आणि थोड्या वेळानं पंखा थांबला. लाईट गेली होती.

कारंज्याला माझी पाळी पहिल्या झटक्यात चालली. तपासायला आलेल्या बाईंनी वांग्याचं विचारलं, मिरचीचं विचारलं आणि म्हणाल्या, हे तर खरंच उपयोगाचं आहे. पास झाले. बाबांनी शब्द पाळला, अकोल्याला पाठवलं, एवढं त्यांच्या बाजूनं लिहिते. आजवर माझं पोट त्याच काळ्या पडद्यावर चाललं.

पण त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा काय बघावं? देवाची खोली धुतलेली, देवांना आंघोळ घातलेली, आणि टेबलावर कळफलक ओलाचिंब. आत्यानं त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं होतं. शिंपडलं कसलं, ओतलं होतं! गडवाभर! वर तुळशीचं पान. दुसऱ्या दिवशी लाईट आली तर लांब बटण मेलेलं, अर्धी अक्षरं मुकी. कारंज्याहून दुरुस्तीवाला आला, त्यानं उघडलं, वास घेतला आणि बाबांकडं बघितलं. बाबांनीही वास घेतला. सगळ्यांना कळलं. आणि शेजारी विचारायला आले तेव्हा आत्या ओसरीवरून म्हणाली, "पोट्टीनं शिवला आन् बंद पडला." बाबा तिथंच बसले होते. मी भांडायला उठले तर म्हणाले, "जाऊ दे वं. म्हातारी आहे थे." आज हिशेब करते तर आत्या तेव्हा माझ्या आजच्या वयाची होती. मला म्हातारी म्हणून कुणी काही सोडत नाही.

गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांना घरी गेले होते. आत्या आता तसबिरीत आहे, बाबाही. घर सगळं पक्कं झालं, ओसरीला ग्रील लागली. त्या ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत दादाची लेक श्रेया बसली होती, मांडीवर लॅपटॉप. पुण्याच्या कंपनीचं काम ती घरून करते. मी वाकून बघितलं तर काळा पडदा, पांढरी अक्षरं, लुकलुकती रेघ. मला इतका आनंद झाला! म्हटलं, इथं काय करतेस, आरती सुरू होऊन राह्यली, चाल आत. ती हळूच म्हणाली, "आत्या, मी बाहेर आहे."

लॅपटॉपला कुणाची हरकत नव्हती. त्याला आता विटाळ होत नाही. मशीन सुटलं, पोट्टी नाई सुटली! मी म्हटलं, "ऊठ. मी आहो संग. पाहू कोन काय म्हणते." तर ती पोरगी, माझ्याहून दसपट शिकलेली, काय म्हणावं? "जाऊ दे न आत्या. दोन दिवसांचं तर आहे. सणाच्या दिवशी कायले उगाच?" आतून दादाचा आवाज येत होता, कुणा पाहुण्याला सांगत होता, शिवला आन् बंद पडला. पाहुणा हसला.

मी एक खुर्ची ओढली आणि श्रेयाच्या शेजारी बसले. वहिनी दारात आल्या. "अवो वंदाबाई, आरतीले या न, सगळे थांबले."

"मी बाहेर आहो," मी म्हटलं.

वहिनी माझ्या पांढऱ्या केसांकडं बघत राहिल्या. आत कुणीतरी खुदकलं, "या वयात?"

"हाव," मी मोठ्यानं म्हटलं, दादापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "या वयात."

आत कुणीतरी टाळ खाली ठेवले. मग फरशीवर काठीचा आवाज आला, सावकाश, उंबऱ्यापर्यंत, आणि उंबऱ्याच्या अलीकडं. माय आता वाकली आहे, तिला नीट दिसत नाही. तिनं हात पुढं करून माझी खुर्ची चाचपली, तिची पाठ सापडली.

"सरक वं जराशी," ती म्हणाली.